हौसाचा उजवा हात

"तपकीर दे."

बद्रुद्दीननं गुळाची ढेप फोडता फोडता मान वर केली. पनवेलच्या बंदराकडं जाणाऱ्या रस्त्यावर त्याचं दुकान. पुढं किराणा, मागच्या फळीवर झाडपाल्याची औषधं. खाडीकडच्या पाड्यांतल्या बाया बाजारात सुकट-करंदी विकून झाल्या की गूळ, चहा, काड्याची पेटी घ्यायला त्याच्याकडंच टेकत. हौसाला तो ती नवी नवरी होती तेव्हापासून ओळखत होता. दाताला मिश्री लावण्यापलीकडं तिला कसलं व्यसन असल्याचं त्याच्या ऐकिवात नव्हतं.

"तौबा! हौसाबाई, या उमरीत हा शौक लागला काय?"

"तुला इकायची हाय का नाय?"

"विकायलाच बसलोय. कोणती देऊ?"

"आमच्या पाड्यातला काशिराम नेतो ती."

"अगं, तो एकदम तेज नेतो. शिंकून शिंकून जीव जाईल तुझा."

"नाक माजं हाय, जीव पन माजा हाय. तू पुडी बांध. आनि काडेकिराईत दे मूठभर."

"किराईत कशाला? घरात तू एकटी. ताप कोणाला आलाय?"

"आजून आला नाय," हौसा टोपली डोक्यावर घेत म्हणाली. "पुढल्या आश्विनात येनार हाय."

बद्रुद्दीन हसला. बायांच्या बोलण्यातलं सगळंच समजून घ्यायच्या भानगडीत तो पडत नसे, म्हणून तर त्याचं दुकान चालत होतं.

चैत्राचं ऊन होतं. गव्हाणच्या वाटेनं हौसा चालत निघाली तेव्हा तिच्या ओटीला तपकीर होती, किराईत होतं, आणि पोटात जे होतं ते होळीच्या आधीपासून धुमसत होतं.

स्वातंत्र्य येऊन सात-आठ वर्षं झाली होती, पण बहिरीपाड्याला त्याची खबर सवडीनंच पोचली होती. पाडा एवढासा. पुढं खाडी, मागं डोंगर, मधे खारजमिनीतली भातखाचरं. हौसाचा नवरा विठू मिठागरावर राबायचा. मिठानं पायाला पडलेल्या जखमा चिघळत गेल्या आणि एका पावसाळ्यात विठू गेला. मूलबाळ नव्हतं. मागं राहिलं एक खाचर, तेही नेमकं काशिरामच्या दोन मोठ्या खाचरांच्या मधोमध, दाताच्या फटीत अडकलेल्या काट्यासारखं.

काशिराम म्हणजे पाड्यातलं बडं घर. धोतर पांढरंफेक, कमरेला तपकिरीची डबी, आणि दर दोन वाक्यांनी एक चिमूट नाकात. विठूचा दहावा होतो न होतो तोच तो ओसरीवर येऊन बसला होता.

"हौसा, बाईमानसाला शेती झेपत नाय. खाचर मला कसायला दे. वर्साला दानं टाकीन तुज्या दारात."

"माजे हात काय तुटलेत?"

"तुटले नाय, पन दोनच हायत."

"तुला काय दत्तासारखे सहा हायत?"

तेव्हापासून काशिरामच्या म्हशी चुकून हौसाच्या खाचरात शिरू लागल्या. चुकून म्हणजे रोज. आणि रोज त्यांना हुसकावू लागला चिंबोरा.

चिंबोरा हा हौसाचा कुत्रा. लहानपणी मागचा पाय बैलगाडीखाली आला होता, तेव्हापासून तो सरळ धावतच नसे. खेकड्यासारखा तिरका तिरका जायचा, म्हणून चिंबोरा. जायचा तिरका, पण चावायचा सरळ. म्हशी त्याला बघून बांधावरूनच माघारी फिरत. डोंगरातली रानडुकरं त्याच्या भुंकण्याला वचकून होती. विठू गेल्यावर हौसा बोलायची ती त्याच्याशीच. "काय रं, आज कालवनात काय घालू?" असं विचारून ती खरंच थांबायची. उत्तर मिळत असावं, कारण पुढं "बरं, तसं करते," असं म्हणायची.

एका दुपारी हौसा विहिरीवर गेलेली बघून काशिराम एकटाच खाचरावर गेला. दोघांच्या मधल्या बांधावर खुणेचा दगड होता, तो त्यानं उचलून दोन हात पलीकडं, हौसाच्या भातात ठेवला. कमरेत वाकला होता तोवर मागून चिंबोरा आला. त्यानं काशिरामला चावलं नाही. धोतराचा सोगा धरला आणि जो तिरका पळ काढला, तो पाड्याच्या मधून, विहिरीवरून, थेट बहिरीच्या देवळापर्यंत. मागं धोतर सोळा हात फडफडत आणि त्याच्याही मागं नुसत्या लंगोटीतला काशिराम.

विहिरीवर बाया होत्या. गुणाबाई, हौसाची शेजारीण, घागर तशीच टाकून ओरडली, "आवो काशिरामदादा, सोनं लुटायला निघाले का? दसरा लांब हाय आजून!"

पाडा आठवडाभर हसला. काशिराम हसला नाही.

होळीच्या आधी एका सकाळी चिंबोरा बांधावर सापडला. पाय ताठ, तोंडाला फेस. शेजारी केळीच्या पानाचा तुकडा आणि त्यात अर्धा खाल्लेला सुका बोंबील. हौसानं बोंबील नाकाशी धरला. आधी उंदराच्या औषधाचा वास आला. त्याच्या मागून दुसरा. तिनं पान उन्हात धरलं. पानाच्या शिरांत तपकिरी भुकटी बसली होती. अख्ख्या पाड्यात तपकीर ओढणारं नाक एकच होतं.

ती पान घेऊन दाजीकडं गेली. दाजी बहिरीचा भगत. पाड्यातला तंटा त्याच्याच ओट्यावर सुटायचा.

"दाजी, काशिरामला बोलाव. माजा कुत्रा मारला त्यानं."

काशिराम आला, ओट्यावर ऐसपैस बसला, चिमूट ओढली. "ऐकलं का मंडळी? कुत्र्याच्या खुनाचा खटला! आता कोर्ट भरवा. वकील आना अलिबागेहून."

सगळे हसले. दाजी पण हसला, मग हसू आवरून म्हणाला, "बाये, कुत्रा व्हता. मेला. दुसरा पाळ."

"माज्या धोतराला हसले तवा बरं वाटलं ना सगल्यास्नी?" काशिराम उठता उठता हळूच म्हणाला, फक्त हौसाला ऐकू जाईल एवढंच. "आता हास."

हौसा हसली नाही आणि रडलीही नाही. तिनं ते केळीचं पान घडी करून चुलीमागच्या फळीवर ठेवलं. पान वाळलं, मोडलं, त्याचा चुरा झाला, पण फळीवरून हललं नाही.

आता बहिरीपाड्याची एक रीत सांगितल्याशिवाय पुढचं कळायचं नाही.

आश्विनातल्या पुनवेला सगळीकडं नवं भात दाराला बांधतात. बहिरीपाड्यात ती पुनव कुत्र्यांची असते. म्हणतात, जुन्या काळी एकदा उधाणानं खाडीचा बांध फुटला. माणसं घोरत होती. कुत्र्यांनी भुंकून भुंकून पाडा उठवला, दारं खरवडली, म्हणून माणसं वाचली. तेव्हापासून कापणीआधी खुडून आणलेल्या नव्या तांदळाची पहिली भाकरी माणसानं खायची नाही. ती कुत्र्याची. सकाळी कुत्र्यांना खाडीवर आंघोळ, कपाळाला शेंदूर, गळ्यात झेंडू. देवळासमोर सगळी कुत्री ओळीनं बसवायची. आदल्या संध्याकाळपासून त्यांना उपास. मग एकेका घराचा कर्ता पुढं येतो आणि ओळीतल्या प्रत्येक कुत्र्याला उजव्या हातानं घास देतो. आपल्या, परक्याच्या, सगळ्यांच्या. कुणी काही चलाखी करू नये म्हणून आपला कुत्रा आपण धरायचा नाही, शेजाऱ्यानं धरायचा.

कुत्र्यानं घास घेतला तर हात चोख. तोंड फिरवलं तर पुन्हा द्यायचा. तिसऱ्यांदाही फिरवलं तर दाजी काठी आपटतो आणि म्हणतो, "हात उतरला." उतरलेल्या हाताच्या घरानं भाताला इळा सगळ्यांच्या शेवटी लावायचा. आणि पाडा सावडीनं कापणी करतो, आज याचं, उद्या त्याचं, तेव्हा शेवटच्याचं भात डुकरांच्या तोंडात उभं राहतं. उपाशी कुत्रं कशाला तोंड फिरवतंय? म्हाताऱ्यांनाही हात उतरलेला एखाद-दुसराच आठवत होता.

पहिल्या हाताचा मान काशिरामच्या घराचा. दुसरा मान होता विठूच्या घराचा, म्हणजे हौसाचा. पहिला उतरला की दुसऱ्यानं वर चढायचं.

दाजीनं सांगितल्यासारखा हौसानं दुसरा कुत्रा पाळला. गुणाबाईच्या कुत्रीला चिंबोऱ्यापासून झालेलं पिल्लू. पांढरं, आगरातल्या मिठाच्या ढिगासारखं, म्हणून मिठ्या. बाप तिरका जायचा, हा सरळ जाई, पण डोळे बापाचे.

पनवेलहून तपकीर आणली त्या दिवसापासून हौसाच्या घरात रोज दुपारी नाटक होऊ लागलं. दार लावून घ्यायची. विठूचं मुंडासं डोक्याला बांधायची. लुगड्याचा काचा ताणून, पोट पुढं काढून काशिरामसारखी चालायची. त्याच्यासारखं घसा खाकरायची. उजव्या हाताला तपकीर चोळायची, आणि त्या हातात किराइताच्या काढ्यात भिजवलेली भाकरी.

"घे रं, घे! मोट्या घरची भाकर हाय!" आवाज हुबेहूब. विठू असता तर घाबरून उभा राहिला असता.

पहिल्या दिवशी मिठ्यानं विश्वासानं घास घेतला. चावला. थुंकला. मग मान तिरपी करून तिच्याकडं बघत राहिला. मुंडाशाच्या आत कोण आहे ते त्याला माहीत होतं.

"असं बघू नकोस," हौसा म्हणाली. "ही मी नाय. हा तो हाय. तुज्या बापाला घातलं ते यापरीस कडू व्हतं."

मग मुंडासं काढून ती त्याला खरी भाकरी द्यायची, वर कधी माशाचं डोकं. उजवा हात तपकिरीनं माखलेला असायचा, म्हणून द्यायची डाव्या हातानं. तपकीर काय, धुतली तरी नखात राहते. पुढंपुढं मग सकाळचा, संध्याकाळचा घासही डाव्यानंच देऊ लागली. सवय लागली.

गुणाबाईनं एकदा कुडावरून बघितलं.

"गो हौसे, डाव्या हातानं अन्न देतेस? कुत्रा झाला म्हनून काय झालं, लक्ष्मी हाय ती."

"कुत्र्याला काय डावं-उजवं?"

"कुत्र्याला नसंल. मानसाला असतंय."

"तू तुजी पेज बघ, उतू चालली."

पाऊस सरेपर्यंत मिठ्या असा तयार झाला की मुंडाशाचीही गरज उरली नाही. तपकिरीचा हात पुढं आला की शेपूट पायात, मान मागं. हौसानं त्याला उपाशी ठेवून बघितलं, बोंबील धरून बघितला, गूळ लावून बघितला. तपकिरीच्या हातचं तो काही म्हटल्या काही घेईना. त्या दिवशी हौसा फळीवरच्या केळीच्या चुऱ्याकडं बघून म्हणाली, "झालं बघ चिंबोऱ्या. पोरगं हुशार निघालं."

पुनवेचा दिवस उजाडला. देवळासमोर सारवण, वर आंब्याची पानं, ओळीनं बसलेली शेंदूर लावलेली कुत्री. एकमेकांवर गुरगुरत होती, झेंडूच्या माळा चावत होती. काशिरामचा कुत्रा लोळ्यागोळ्या, तो भाकरी बघूनच भुंकायचा, डुकरं बघून नाही. मिठ्याची दोरी गुणाबाईच्या हातात होती. हौसा समोर बायांत उभी, हात पदराखाली.

दाजीनं काठी टेकवली. "पयला हात!"

काशिराम पुढं आला. कोरं धोतर, कोरी टोपी. पाड्यासमोर उभं राहून त्यानं आधी डबी काढली, चिमूट ओढली, शिंकला, धोतराला बोटं पुसली. हौसानं ओठ दाताखाली धरले. तिला वाटलं होतं, सणाच्या दिवशी हात धुऊन आला तर? मेल्यानं तिचं उरलंसुरलं कामही स्वतःच केलं.

पहिल्या कुत्र्यानं घास घेतला. दुसऱ्यानं बोटंही चाटली. काशिराम सरकत सरकत मिठ्यापाशी आला.

"काय रं, चिंबोऱ्याच्या पोरा," तो लोकांकडं बघत हसला. "घे रं, घे! मोट्या घरची भाकर हाय!"

हौसा दार लावून म्हणायची ते हेच. शब्द न् शब्द तोच. 

मिठ्यानं नाक पुढं केलं आणि निखारा लागावा तसं मागं घेतलं. शेपूट पायात गेली.

"बुजला," काशिराम म्हणाला. "लहान हाय."

"परत दे," दाजी म्हणाला.

परत दिला. मिठ्या गुणाबाईच्या मांडीत शिरू लागला. काशिरामनं कपाळावरचा घाम त्याच हातानं पुसला, घास बदलला, खाली उकिडवा बसला. आवाज साखरेचा केला. "ये राजा. ये. घे ना."

मिठ्यानं मान फिरवली, देवाकडं तोंड केलं आणि ओरडला. लांबलचक, रडल्यासारखा.

दाजीची काठी बराच वेळ वरच राहिली. मग आपटली.

"हात उतरला."

"कुत्र्याला काय कळतंय!" काशिराम उसळला.

"तूच म्हनाला व्हतास, कोर्ट भरवा," हौसा बायांतून बोलली. "हे घे, भरलं. वकील नाय लागला."

कुणीतरी फसकन हसलं. काशिराम लालबुंद होऊन बाजूला झाला. हौसाला वाटलं, छातीवरचा धोंडा उतरून खाडीत बुडाला. इतकं हलकं तिला लग्नातही वाटलं नव्हतं.

"दुसरा हात वर चढतो," दाजी म्हणाला. "हौसा, पुढं ये."

हौसा पुढं आली. विठूच्या घराचा पहिला मान. भाकरी घेतली, उजव्या हातात. दोन दिवस तो हात राखेनं घासला होता. लोळ्यागोळ्या शत्रूचा असून गपकन खाऊन मोकळा झाला. ती एकेकाला घास देत मिठ्यापुढं आली, वाकली.

"घे, माज्या वाघा."

मिठ्यानं तिच्या तोंडाकडं बघितलं, शेपूट हलवली. मग हाताकडं बघितलं. शेपूट थांबली.

तिला तिथंच, त्या क्षणाला सगळं उमगलं. तपकीर धुतली होती. हात तोच होता.

"घे ना रं," ती पुटपुटली.

त्यानं तोंड फिरवलं. दुसऱ्यांदा फिरवलं. तिसऱ्या वेळी तो उठला, तिच्या उजव्या हाताला वळसा घालून पलीकडं गेला आणि तिचा रिकामा डावा हात हुंगून चाटू लागला. आशेनं तिच्याकडं बघू लागला. भाकरी त्या हातात घेतली असती तर एका दमात खाल्ली असती. पण देवासमोर डावा हात कोण पुढं करील?

गुणाबाईनं दोरी आवळली आणि फक्त तिला ऐकू येईल असं म्हणाली, "कुत्र्याला काय डावं-उजवं, नाय का गो?"

काठी आपटली. "हात उतरला," दाजी म्हणाला. एका पुनवेला दोन हात उतरलेले त्यानं कधी पाहिले नव्हते.

काशिराम मागून टाळी वाजवून हसला. "बघा! बहिरीनं न्याय केला! घरच्या कुत्र्यानं मालकिनीला वळखलं! आता बस, डुकरं राखत!"

आणि तेव्हा हौसा हसली. आधी हळू, मग मोठ्यानं, मग अशी की कुत्रीसुद्धा गुरगुरायची थांबली.

"हासते काय? तुजा पन मान गेला!"

"जाऊ दे," हौसा डोळे पुशीत म्हणाली. "जुनी मानसं सांगतात, नवरा मेला तरी चालंल, पन सवत रंडकी झाली पायजे. माजा नवरा तं कवाच मेलाय, काशिराम. आज सवत रंडकी झालेली बघितली. माजं पोट भरलं."

पाड्याची कापणी सुरू झाली. एकेक खाचर मोकळं होत गेलं आणि शेवटी दोनच घरांचं भात उभं राहिलं, काशिरामचं आणि त्याच्या मधे अडकलेलं हौसाचं. डोंगरातली डुकरं उतरली. हौसाचं खाचर एकच, त्याला मिठ्या पुरे होता. तो चारी बांधांवरून फिरायचा, बापासारखा भुंकायचा. डुकरं त्याला टाळून डावी-उजवीकडं जायची, आणि दोन्हीकडं काशिरामच होता. लोळ्यागोळ्या डुकरं बघून घरात पळाला होता.

एका सकाळी काशिराम बांधावर येऊन उभा राहिला. मागं त्याचं भात गाढव लोळल्यासारखं आडवं झालं होतं. हौसा बांधावर भाकरी खात बसली होती, डाव्या हातानं मिठ्याला तुकडे देत.

"हौसा."

"काय रं?"

"तुजा कुत्रा… जरा माज्या बांधावरनं पन फिरव."

"तुज्या हातचं खात नाय तो. तुजं राखील कसा?"

"हासू नकोस. वर्साचं अन्न हाय."

"बरं. राखील," हौसा म्हणाली. "चिंबोऱ्याला काय घातलंस ते सांग."

काशिरामनं चहूकडं बघितलं. रान मोकळं होतं. "बोंबील," तो जमिनीशी बोलला.

"आनि बोंबलात?"

"उंदराचं औशद. झालं समाधान?"

"नाय. चल, दाजीच्या ओट्यावर. जिथं हासलास तिथंच हे बोल, सगळ्यांच्या देखत."

"मेलो तरी बोलनार नाय!"

"मग जा. मरायला अन्न लागत नाय."

तो गेला. डुकरं आली. मिठ्या कान टवकारून तिच्या तोंडाकडं बघायचा, सोड म्हणायचा. एक शीळ घातली असती तर त्यानं दोन्ही बाजू राखल्या असत्या. हौसानं शीळ घातली नाही. उभं पीक तुडवलं जाताना तिनं बांधावर बसून बघितलं, आणि शेतकऱ्याच्या लेकीला जी कळ यायला पाहिजे ती आली नाही.

पण एक गोष्ट तिला सलत राहिली. उजवा हात. वर्षभर तिनं तो राखेनं धुतला, शिकेकाईनं धुतला, दुधात बुडवला. त्या हातात माशाची डोकी धरली, मटणाचं हाड धरलं. मिठ्या तिच्यावर जीव टाकायचा, तिच्या पायाशी झोपायचा, पण उजवा हात पुढं आला की वळसा घालून डाव्याकडं.

पुढच्या पुनवेला रांगेच्या शेवटी दोन उतरलेले हात उभे होते. आधी काशिराम. तो मिठ्यापुढं बसला, घास धरला. हौसा निवांत होती. मिठ्यानं हुंगलं. पुन्हा हुंगलं. आणि खाल्ला. वर बोटंही चाटली.

"हात चोख!" दाजीनं सुटकेचा श्वास टाकला.

मग हौसा. मिठ्यानं तिच्या उजव्या हाताला वळसा घातला.

बाजूनं जाताना काशिराम थांबला. कमरेला डबी नव्हती. "बद्रुद्दीनकडं गेलो व्हतो," तो गोड हसून म्हणाला. "मला म्हनतो, तुमच्या पाड्यातली हौसाबाई पन हीच तपकीर नेते. मी म्हनलं, अस्सं का? तवापासून सोडली बघ. चार पैसं वाचले, हात पन वाचला. तुज्या हाताला काय झालंय गो?"

कापणीत यंदा डुकरांच्या तोंडाशी ती एकटीच राहिली. मिठ्यानं राखलं तेवढं घरात आलं.

भात घरात पडल्यावर ती पनवेलच्या बाजाराला गेली. सुकट विकली आणि बद्रुद्दीनच्या फळीला टेकली. पदरात काहीतरी वळवळत होतं.

"बोललास तू काशिरामला."

"हौसाबाई, खुदा कसम, मला काय माहीत…"

"बोललास तं बोललास. आता एक सांग. तपकीर सोडून तो काय ओढतो?"

बद्रुद्दीन घुटमळला. फळीकडं बघितलं, रस्त्याकडं बघितलं. "बिडी," तो शेवटी म्हणाला. "लाल धाग्याची."

"मग एक बंडल दे. त्याच धाग्याचं. आनि किराईत."

"अगं, अजून किती वर्षं?"

"त्याचा हात हाय तवर."

बद्रुद्दीननं मान हलवत बंडल आणि पुडी पुढं ठेवली. पदरातून एक इवलंसं पांढरं तोंड बाहेर आलं, मिठ्याचं पोर, आणि हौसाच्या उजव्या हाताची बोटं चाटू लागलं. हौसानं तो हात तसाच राहू दिला. त्याला गूळ लावला होता.

विड्यांचं बंडल तिनं डाव्या हातानं उचललं.